किलोबाईंची सायकल

माझी आत्या वजनमापे खात्यात निरीक्षक होती. दुकानांतले काटे तपासायचे, बरोबर निघाले तर शिक्का मारायचा, खोटे निघाले तर जप्त करायचे, हे तिचं काम. सव्वीस वर्षं हेच केल्यामुळे कुणी अंदाजाने बोललेलं तिला सहन होत नसे. आई म्हणाली, "थोडं मीठ घाल गं," तर चमचा हातात धरून आत्या उभी राहायची आणि विचारायची, "थोडं म्हणजे किती?" बाजारात तिला किलोबाई म्हणत, अर्थात ती पाठमोरी झाल्यावर. तिला ते माहीत होतं. "पुरं किलो म्हणतात ना," ती म्हणायची, "पाऊणकिलोबाई तर नाही म्हणत."

तिने लग्न केलं नव्हतं. बाबा म्हणायचे, हिला स्थळं खंडीभर आली, पण एकही तपासणीत पास झालं नाही. आत्या म्हणायची, तीन आली होती, दादा पहिल्यापासून आकडे फुगवतो. आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आमच्या दाराला दार लागून तिच्या दोन खोल्या होत्या. जेवण आमच्याकडे, भांडण आमच्याकडे, झोप मात्र तिच्या खोलीत.

सायकलचा विषय निघाला तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. झालं असं की तिची कचेरी हलली. आधी ती बसच्या थांब्यासमोर होती, आता गावाबाहेर गोदामांच्या मागे, घरापासून आठ किलोमीटरवर गेली. बस अर्ध्यातच वळायची. उरलेला रस्ता तिला पितळी वजनांची पेटी उचलून चालावा लागे, आणि ती पेटी नऊ किलोंची. कचेरीला जीप होती, पण ती फक्त लांबच्या गावांच्या तपासणीला मिळायची. सगळ्यांनी सांगितलं, स्कूटर घे.

"पेट्रोलपंपांची मापं मी तपासते," आत्या म्हणाली. "मला जे ठाऊक आहे ते तुम्हाला ठाऊक असतं तर तुम्हीही चालतच गेला असता. मी सायकल घेणार आहे."

बाबांनी चहाचा कप बशीत ठेवला. "तुला येते?"

"येते."

"कधी चालवलीस?"

"लहानपणी. तुझीच. तू दुपारी जेवून झोपलास की."

पन्नाशी उलटल्यावर बाबा पहिल्यांदाच स्वतःच्या बालपणाकडे संशयाने बघत होते. "म्हणजे ती चेन सारखी पडायची ती तुझ्यामुळे?"

"चेन ढिली होती. मी दोनदा घट्टही केली होती."

मग तिने पर्समधून एक कागद काढला. तपासणीच्या जुन्या फॉर्मच्या पाठीमागे तिने अटी लिहून काढल्या होत्या. सायकलवरून रोज कचेरीला जाता-येता आलं पाहिजे, पेटीसकट. ती एका जिन्यावरून एकटीला उचलून नेता आली पाहिजे. तिच्या एका पगारात ती बसली पाहिजे, आणि तरी घरखर्चाला काही उरलं पाहिजे. शेवटची अट वाचताना तिचा आवाज जरा खाली आला. तिला सायकलवरून तळ्यावर जायचं होतं.

हे तळं आम्हाला ऐकून माहीत होतं. डोंगराच्या अलीकडे कुठेतरी ते होतं आणि तपासणीला जाताना कचेरीची जीप त्याच्या काठाने जायची. सव्वीस वर्षं जीप काठाने गेली, पण एकदाही थांबली नाही. ड्रायव्हर म्हणायचा, येताना थांबू, आणि येताना अंधार असायचा. आत्याला तिथे उतरायचं होतं, काठावर बसायचं होतं आणि कुणी "चला" म्हणेपर्यंत नव्हे, तर स्वतःला वाटेपर्यंत बसायचं होतं.

"किती लांब आहे?" मी विचारलं.

"जीपच्या मीटरप्रमाणे त्रेचाळीस किलोमीटर. पण त्या मीटरवर माझा विश्वास नाही."

आता घरात सल्ले सुरू झाले. बाबांनी कॉलेजात असताना एका शर्यतीत भाग घेतला होता. ते अकरावे आले होते. किती जणांत, हे आत्यालाच माहीत होतं आणि ती ते सांगायला नेहमी तयार असायची, म्हणून बाबा त्या शर्यतीचा उल्लेख ओझरताच करत. त्यांचं म्हणणं, सायकल म्हणजे शर्यतीची. चाक करंगळीएवढं, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं. "वारा कापत जाते," ते म्हणाले.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त ड्रिलमास्तर राहत. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती, पण शिट्टी अजून गळ्यात होती. त्यांनी जिन्यातच आत्याला गाठलं. "ताई, शर्यतीची घ्याल तर फसाल. आपले रस्ते म्हणजे शत्रू. जाड टायर, पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग. खड्डा आला काय, गेला काय, कळताच कामा नये."

"खड्डा आलेला कळला पाहिजे," आत्या म्हणाली. "नाहीतर तक्रार कशी करणार?"

बाबा आणि ड्रिलमास्तर यांचं त्या दिवसापासून बिनसलं. दोघांपैकी एकाकडेही सायकल नव्हती, त्यामुळे वाद मुद्द्याला सोडून भरकटण्याची भीती नव्हती. शेवटी रविवारी सकाळी आम्ही चौघं दुकानात गेलो: आत्या, बाबा, ड्रिलमास्तर आणि मी. मी जाण्याचं कारण, कुणीतरी मध्ये चालायला हवं होतं.

सायकलचं दुकान नवं होतं. दुकानदार उंच, हडकुळा, पन्नाशीतला. तो एका चाकात हवा भरत होता. आत्याला दारात बघून तो उभा राहिला आणि त्याचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले.

"मॅडम," तो म्हणाला, "मी आता काहीच वजनावर विकत नाही."

मग उलगडा झाला. सात वर्षांपूर्वी त्याचं खिळे-मोळे विकण्याचं दुकान होतं. दोन किलो खिळ्यांमागे त्याचा काटा ऐंशी ग्रॅम खायचा. आत्याने काटा जप्त केला, दंड झाला, गल्लीत चर्चा झाली. तेव्हाच त्याने ठरवलं की यापुढे असा धंदा करायचा ज्यात माल नगावर जातो. सायकल नगावर जाते.

"मी गिऱ्हाईक म्हणून आलेय," आत्या म्हणाली.

त्याचा विश्वास बसला नाही, पण त्याने खुर्ची दिली. बाबांनी लगेच भिंतीवरची शर्यतीची सायकल दाखवली. दुकानदार ती एका हाताने उतरवत म्हणाला, "फुलासारखी आहे, मॅडम. अकरा किलो फक्त."

आत्याने पिशवीतून स्प्रिंगचा काटा काढला. तिने काटा छताच्या हुकाला अडकवला, त्याला सायकल टांगली, ती हलायची थांबेपर्यंत थांबली आणि वाचलं.

"बारा किलो सहाशे पन्नास."

"मॅडम, पायडलं सोडून अकरा." दुकानदाराच्या कपाळावर घाम आला होता. "कंपनीच तसं छापते. पायडलं नाहीत, स्टँड नाही, घंटी नाही."

"पायडलं काढून कोण चालवतं?"

या प्रश्नावर ड्रिलमास्तर खूश झाले, कारण सायकल बाबांच्या पसंतीची होती. त्यांची खुशी फार टिकली नाही. त्यांची जाड टायरांची, पुढेमागे स्प्रिंगांची सायकल सोळा किलो निघाली. दुकानदाराने आता आकडे सांगणंच सोडून दिलं होतं. प्रत्येक सायकलपाशी तो नम्रपणे बाजूला व्हायचा आणि म्हणायचा, "ही तुम्हीच बघा."

मग चालवून बघण्याची वेळ आली. आत्याने शर्यतीची सायकल रस्त्यावर नेली. आम्ही सगळे पायरीवर उभे राहिलो. तिने साडीऐवजी त्या दिवशी मुद्दाम सलवार-कमीज घातला होता. तिने हँडल धरलं, इकडेतिकडे बघितलं, डावा पाय डाव्या पायडलवर ठेवला, आणि उजवा पाय मधल्या दांडीच्या खालून पलीकडे घालून उजव्या पायडलवर ठेवला. शरीर सायकलच्या डावीकडे, सायकल उजवीकडे कललेली, एक कोपर सीटवर. आणि त्या अवस्थेत, अर्धं-अर्धं पायडल मारत, ती चांगल्या वेगाने गल्लीच्या टोकापर्यंत गेली, तिथे सफाईने वळली आणि परत आली. बावन्न वर्षांची बाई, खात्याची निरीक्षक, आठ वर्षांच्या मुलासारखी.

उतरून तिने श्वास घेतला. "हँडल फार खाली आहे. पुढचं चाक सोडून काही दिसत नाही."

बाबा म्हणाले, "अगं, सीटवर बसायचं असतं."

"तुझी सायकल उंच होती. माझे पाय पोचायचे नाहीत. मला अशीच येते."

"पण परवा म्हणालीस येते म्हणून."

"आली की," आत्या म्हणाली. "पडले का मी?"

यात खोट काढता येईना. दुकानदाराने तोंडावर हात ठेवला होता. तो हसत होता की खोकत होता हे कळलं नाही, पण त्याच्या मनातली भीती तेवढ्या एका फेरीत निम्मी झाली हे नक्की. माणूस कितीही कडक असो, दांडीखालून पाय घातलेला एकदा बघितला की त्याला घाबरणं अवघड जातं.

"मॅडम," तो म्हणाला, "आज घेऊ नका. आधी नीट बसायला शिका. तोवर माझी घेऊन जा."

त्याने दुकानाच्या मागून स्वतःची सायकल आणली. तो त्याच सायकलवरून रोज दुकानात यायचा. दिसायला ती अगदीच सामान्य होती. राखाडी रंगाची पोलादी फ्रेम, मधली दांडी पुढून मागे उतरत गेलेली, त्यामुळे पाय टाकायला सोपी. टायर दोन बोटं रुंद, ना बाबांच्या पसंतीचे बारीक, ना मास्तरांच्या पसंतीचे जाड. हँडल सरळ, जरा मागे वळलेलं. दोन्ही चाकांवर मडगार्ड, मागे भक्कम कॅरिअर. पुढे एकच दातेरी चक्र, मागे आठ. बाबांनी तिच्याकडे बघून नाक मुरडलं. मास्तरांनीही मुरडलं. त्या सबंध महिन्यात दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

शिकवण्याची जबाबदारी मास्तरांनी घेतली. रोज सकाळी शाळेच्या मैदानावर ते शिट्टी घेऊन उभे. एक शिट्टी म्हणजे बसा, दोन म्हणजे पायडल, तीन म्हणजे थांबा. अडचण अशी की आत्या पडायला लागली की ते घाबरून शिट्टी वाजवतच सुटायचे, आणि त्यातली एक कुठली, तीन कुठल्या, हे तिला मोजता यायचं नाही. चौथ्या दिवशी तिने त्यांच्याकडून शिट्टी मागून घेतली आणि खिशात टाकली. पाचव्या दिवशी तिला सायकल यायला लागली. मास्तरांनी पुढे कितीतरी महिने लोकांना सांगितलं की पाच दिवसांत शिकवलं. शिट्टीचा भाग ते वगळायचे.

आत्याने मग ती राखाडी सायकल आपल्या पद्धतीने तपासायला घेतली. नऊ किलोंची पेटी कॅरिअरवर बांधली आणि कचेरीपर्यंत जाऊन आली. दुसऱ्या दिवशी पेटीशिवाय. तिसऱ्या दिवशी पेटीतली वजनं पिशव्यांत विभागून, अर्धी डावीकडे, अर्धी उजवीकडे. रात्री जेवताना ती निष्कर्ष सांगायची. पेटी वर बांधली की वळणावर मागचं चाक "माझं ऐक" म्हणतं. दोन्ही बाजूंना लटकवली की गप्प बसतं. पुलाच्या चढावर सगळ्यात मोठ्या दातेरी चक्रावर चेन टाकली की चालणाऱ्या माणसाइतका वेग पडतो, पण उतरावं लागत नाही. पावसात भिजलेल्या रस्त्यावरून गेली तर मडगार्डमुळे पाठीवर चिखलाची रेघ उठत नाही. "शर्यतीच्या सायकलला मडगार्ड लावायला जागाच नाही," ती बाबांना म्हणाली. "वारा कापायचा आणि चिखल पाठीवर घ्यायचा."

"शर्यतीत कुणी पाठ बघत नाही."

"अकराव्याची प्रेक्षक बघतात. पुढचे दहा बघत नाहीत, ते सोड."

दोन आठवड्यांनी ती दुकानदाराकडे गेली. "हीच हवी."

"ही विकायची नाही, मॅडम," तो म्हणाला. आत्याला नाही म्हणायची त्याची ही पहिली वेळ असावी, कारण लगेच त्याने पाणी मागवलं. "बापाने बांधून दिली होती. त्याचंही सायकलचं दुकान होतं."

आत्याने मान हलवली. या बाबतीत ती समजूतदार होती. "मग अशीच दुसरी द्या."

"अशी तयार येत नाही. कुणी मागतच नाही ना. लोकांना एकतर शर्यतीची हवी, नाहीतर डोंगरावरची. घरून कचेरीला आणि कचेरीहून घरी जाणाऱ्या माणसालाही वाटतं आपण डोंगर चढणार. ही बघून म्हणतात, पोस्टमनची वाटते."

"पोस्टमन रोज पोचतो," आत्या म्हणाली. "बांधून द्या मला."

मग दोघं काउंटरवर कागद घेऊन बसले. मी तिथे होते. सात वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्ध सह्या केलेली ही दोन माणसं आता एकाच कागदावर वाकून बसली होती. फ्रेम पोलादाची, कारण ती वाकली तर कुठलाही वेल्डर सरळ करू शकतो. कॅरिअर आणि मडगार्डासाठी फ्रेमला भोकं हवीत, आणि ती आधीपासून असलेली, नंतर पाडलेली नव्हेत. टायर असे की त्यांच्या ट्यूब कुठल्याही गावात मिळतील. गिअर आठ पुरे. "सत्तावीस गिअरची आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "माणूस त्यातले चार वापरतो आणि तेवीस पुसत बसतो." ब्रेक चांगल्यातले, इथे कंजुषी नको, हे तोच म्हणाला. सीट महागातली नको, हे तिने म्हटलं आणि तिसऱ्याच आठवड्यात बदलून घेतली. घंटी तिने नको म्हटली होती. ते पुढे येईलच.

नऊ दिवसांत सायकल तयार झाली, गडद हिरवी. दुकानदाराने कागदावर लिहून दिलं होतं, सगळं धरून चौदा किलो. आत्याने हुकाला काटा अडकवला. सायकल टांगली. वाचलं. परत वाचलं.

"तेरा किलो नऊशे."

"शंभर ग्रॅम कमी भरली," दुकानदार म्हणाला. "लिहा माझ्यावर केस." आणि त्या दोघांना एकदमच हसू फुटलं. आत्याला इतकं हसताना मी त्याआधी बघितलं नव्हतं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाबा तेवढ्यात सायकल उचलून बघत होते. एका हाताने उचलली गेली, तेव्हा त्यांनी ती मुकाट्याने खाली ठेवली.

सायकलने आत्याच्या कामात जे घडवलं त्याची कुणी कल्पना केली नव्हती. पूर्वी ती बसच्या वेळा सांभाळून बाजारात जायची आणि पेटी घेऊन थांब्यावर उतरायची. थांब्यावर बाई उतरली की दहा मिनिटांत बाजाराच्या टोकापर्यंत बातमी पोचायची आणि सगळे काटे सुतासारखे सरळ व्हायचे. आता ती मागच्या गल्लीतून, न बोलता, न खडखडता, दोन बोटं रुंद टायरांवरून थेट पारड्यासमोर प्रकट व्हायची. पहिल्या महिन्यात तिने मागच्या अख्ख्या वर्षापेक्षा जास्त काटे पकडले. एका कांदे विकणाऱ्याने तिला बघून तराजूखाली चिकटवलेला लोहचुंबक घाईघाईने काढला आणि खिशात टाकला, तर तो खिशातल्या किल्ल्यांना असा चिकटला की जुडगा ओढून काढताना खिसाच फाटला.

शेवटी व्यापाऱ्यांचं शिष्टमंडळ आत्याच्या साहेबांना भेटलं. तक्रार अशी की मॅडम आवाज न करता येतात. साहेब मऊ माणूस होते. त्यांनी आत्याला बोलावून घेतलं आणि फार वेळ टेबलावरचा कागद सरळ करत राहिले.

"तुमच्या सायकलला घंटी नाही असं दिसतं," ते म्हणाले.

"नाही."

"रहदारीच्या दृष्टीने असावी."

"रहदारीच्या दृष्टीने लावते," आत्या म्हणाली. "बाजारात शिरण्यापूर्वी वाजवावी असं लेखी द्याल का?"

साहेबांनी लेखी दिलं नाही. आत्याने घंटी लावली आणि ती पुलावर, चौकात, शाळेसमोर नेमाने वाजवली.

तळ्यावर जायला तिने सात महिने लावले. आधी वीस किलोमीटर, मग तीस, असं दर रविवारी वाढवत नेलं. एका शनिवारी सकाळी सहाला ती निघाली. डावीकडच्या पिशवीत कपडे, उजवीकडे जादा ट्यूब, पंप, पाने, केळी आणि उकडलेली अंडी. पेटी घरी. तळ्याजवळ सरकारी विश्रामगृह होतं, तिथे रात्रीसाठी खोली सांगून ठेवली होती. कुणीही बरोबर यायचं नाही, असं तिने सगळ्यांना बजावलं.

बाबा बरोबर गेले नाहीत. ते सातच्या बसने गेले. "मला तिकडे एक काम आहे," ते आईला म्हणाले. आईने काय काम ते विचारलं नाही, फक्त डबा दिला. डब्यात दोघांना पुरेल इतकं होतं.

पुढचं मला दोघांकडून वेगवेगळं कळलं, ते जुळवून सांगते. बाबा नऊला तळ्यावर पोचले. हिशोबाने आत्या दहापर्यंत यायला हवी होती. दहा वाजले, अकरा वाजले. बाबांनी झाडाखालची जागा सोडली आणि रस्त्यावर येऊन उभे राहिले. बाराला त्यांनी येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला थांबवून विचारायला सुरुवात केली: हिरवी सायकल, बाई, दिसल्या का? एकाने सांगितलं, मागे एका झाडाखाली सायकल आडवी पडलेली दिसली. ते चालत निघाले, उलट दिशेने, भर उन्हात, डबा हातात घेऊन.

साडेतीन किलोमीटर चालल्यावर त्यांना सायकल दिसली. ती आडवी पडली नव्हती, झाडाला टेकवलेली होती. शेजारी एक फळवाला बसला होता आणि त्याच्यासमोर, जमिनीवर मांडी घालून, हातात पाना आणि मांडीवर उलटा केलेला तराजू घेऊन आत्या.

झालं होतं असं की तिने अर्धा किलो पेरू घेतले. पेरू हातात येताच तिला कळलं की हे चारशे तीस ग्रॅम आहेत. ती रजेवर होती. रजेवर असताना काटा जप्त करता येत नाही. ती पेरू पिशवीत टाकून पुढे गेली, तीन किलोमीटर गेली, आणि मग तिला पुढे जाववेना. परत आली. फळवाल्याला काटा खोटा आहे म्हणून सांगितलं तर त्याला धक्काच बसला. काटा त्याला कुणीतरी दिला होता, त्याने कधी तपासलाच नव्हता. आत्याने बघितलं, मधल्या दांडीची धार झिजली होती आणि एका पारड्याखाली जुन्या फळांचा चिकटा साठून दगड झाला होता. तेव्हापासून ती खरवडत बसली होती. तीन तास.

बाबा समोर उभे राहिले. अंगातला सदरा ओलाचिंब, चेहरा लाल.

"तू इथे कसा?" आत्या म्हणाली.

"काम होतं," बाबा म्हणाले. मग त्यांना बसावंसं वाटलं आणि ते फळांच्या टोपलीशेजारी बसले. "मला वाटलं तू पडलीस," ते म्हणाले, नेहमीपेक्षा फार हळू.

आत्याने पाना खाली ठेवला. तिने एक पेरू चिरला, बाबांना मोठी फोड दिली आणि स्वतः छोटी घेतली. बाबांनी ते बघितलं. बघणारच, कारण बावन्न वर्षांत तिने कुठल्याही गोष्टीचे दोन असमान वाटे केले नव्हते.

काटा दुरुस्त झाला. फळवाल्याने दोघांना पेरू भेट द्यायचे ठरवले, आत्याने सरकारी नोकराला भेट चालत नाही म्हणून नाकारले आणि विकत घेतले. उरलेलं अंतर दोघं चालत गेले, सायकल मध्ये घेऊन, तिच्या हँडलला डबा अडकवून.

आणि तळं? मी तिला हे सगळ्यात आधी विचारलं होतं.

"बरं आहे," ती म्हणाली. "जीपमधून जरा मोठं दिसायचं. काठावर शेवाळ आहे आणि म्हशी येतात. पण बसले मी. तास सव्वा तास बसले असेन, घड्याळ बघितलं नाही."

तिने घड्याळ बघितलं नाही, हे मी बाबांना विचारून खात्री करून घेतलं. खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांची परतीची बस नऊला होती. सातला ते उठले तेव्हा सायकल विश्रामगृहाच्या भिंतीला टेकवलेली होती आणि आत्या आत आवरत होती. "जरा बांधापर्यंत बघून येतो," ते म्हणाले आणि गेले. साडेसात झाले, आठ झाले. आता रस्त्यावर येऊन उभं राहायची पाळी आत्याची होती. पावणेनऊला बाबा आले ते तळ्याच्या उलट्या बाजूने, म्हणजे पुरी प्रदक्षिणा करून. एका पायाची पँट चेनमध्ये अडकून घोट्यापासून फाटली होती, केस उभे राहिले होते, आणि ते चढावर होते तरी उतरले नव्हते.

सायकल भिंतीला लावून त्यांनी घाम पुसला.

"हं," ते म्हणाले. "सीट जरा वर करायला हवी."

"माझ्या उंचीला बरोबर आहे," आत्या म्हणाली. "तुझी वेगळी बांधून घे. आणि चल, बस चुकेल."

बस चुकली. पुढची बारा वाजता होती. आत्या एकटी नऊला सायकलवर निघाली आणि दुपारी एकला घरी पोचली, बाबा तीनला. ते बूट काढता काढता मला म्हणाले, उद्या दुकान किती वाजता उघडतं ते विचारून ठेव, आणि मास्तरांना एवढ्यात काही बोलू नकोस.